जीपला गुलाबाचा वास

मिस्त्रीणबाईंनी दिराच्या डोक्यात पाना घातला, ही बातमी सकाळी दहाच्या आत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली. पाना हातात होता, एवढंच खरं. तो डोक्यात घालायची इच्छा होती का म्हणाल, तर ती गेली चौदा वर्षं आहे.

नवरा गेल्यापासून गॅरेज बाई चालवतात. शेड मात्र दिराच्या नावावर. त्याला तिथे स्वतःची जीप ठेवायचीय. डोंगरातल्या वाटा चढायला घेतलेली जीप, पण तिच्यावर चिखलाचा ठिपका दिसला की दिराच्या पोटात कळ येते.

महिन्यात तिसऱ्यांदा ती जीप गॅरेजच्या दारात आली. चारांतला एक सिलिंडर पेट घेत नव्हता. इंजिन उचकी लागल्यासारखं धक्के देत होतं.

"वहिनी, दोनदा प्लग बदललेत, एकदा कॉइल. दोन दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. येत नसेल तर येत नाही म्हणा."

"जीभ जरा आवरलीत भावजी, तर इंजिन ऐकू येईल."

"एक वाजेपर्यंत ऐका. नाही जमलं तर आजच शेडला कुलूप."

बाईंनी पाना उचलला तो इथे. दीर दोन पावलं मागे सरला, आणि जाता जाता मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात टाकला. "पंखा नसला की डोकं लवकर चालतं." समोरच्या शिंपीणकाकूंनी हे सगळं खिडकीतून पाहिलं. पान्याचं पुढचं काम त्यांच्या जिभेने केलं.

बाईंनी दात-ओठ खात इंजिन चालू ठेवलं आणि सिलिंडरला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या एकेका कॉइलची पिन काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. दुसरी, चौथी, तसंच. तिसरी काढली तर त्याला पत्ताच नाही. तिसरी आणि पहिली कॉइल आपसात बदलली, तरी संपावर तिसराच. म्हणजे कॉइल निर्दोष.

राहिला प्लग. तो विहिरीसारख्या खोल भोकात बसतो. उघडण्याआधी तिथे कॉम्प्रेसरची हवा मारायची, कचरा आत पडू द्यायचा नाही, ही बाईंची जुनी शिस्त. आज वीजच नव्हती. दिराच्या नावाने बोटं मोडत त्यांनी सळईला फडकं गुंडाळून आत घातलं. फडकं चिंब बाहेर आलं. हुंगून पाहिलं, तर गुलाबाचा शॅम्पू. भोकात पाणी साचलेलं, म्हणून ठिणगी प्लगपर्यंत न पोचता बाहेरच विरत होती.

बाई क्षणभर स्वतःवरच चिडल्या. दोन्ही वेळा हे पाणी त्यांनीच हवेने उडवून लावलं होतं.

एक वाजता दीर नवं कुलूप घेऊन आला. जीप दारात एका सुरात घुमत होती.

"धुता कधी हिला?" बाईंनी विचारलं.

"दर दोन दिवसांनी. बॉनेट उघडून, प्रेशरच्या पाइपने. तुमच्यासारखं कळकट राहायला आम्हाला जमत नाही."

बाईंनी ओलं फडकं त्याच्या नाकाशी धरलं. वास ओळखीचा निघाला. खिडकीतल्या काकू हसल्या. दिराचे कान लाल झाले, तरी ताठा जाईना.

"एवढं सोपं होतं, तर मागच्या दोन वेळी का नाही सापडलं?"

"मागच्या दोन्ही वेळी वीज होती, भावजी. फ्यूज लावा आणि कुलूप घेऊन निघा."