बावतीस मेस्त्रीचा अनवाणी पाय

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गॅरेजात बसलं की कपड्यांना काळं तेल लागतं ना, तसे ते लागतात आणि मग धुऊन जात नाहीत. नंदाखालहून वटारला जाताना चिंचेखाली बावतीस मेस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज आहे. दर शनिवारी सकाळी तिथे आम्ही तिघं हजर. मी, म्हणजे तुळिंजच्या फ्लॅटमधला सावंत. शाळेतून रिटायर झालेले पाटील सर. आणि अर्नाळ्याचा मासेवाला हरेश. तिघांच्याही गाड्या जुन्या, त्यामुळे यायला कारण शोधावं लागायचं नाही!

*

मी पहिल्यांदा गेलो ते ब्रेक दगडासारखा लागतोय म्हणून. मेस्त्रीने बॉनेट उघडलंच नाही. चप्पल काढली. मेरीबायने, म्हणजे त्याच्या बायकोने, तांब्यातून पाणी घातलं. त्याने उजवा पाय धुतला, पुसला आणि गाडीत जाऊन बसला.

"चप्पल घालून नाही का कळत?" मी विचारलं.

"चप्पल खोटं बोलते. तळपाय नाय!"

इंजिन बंद होतं. त्याने पाचसहा वेळा ब्रेक दाबला, पेडल ताठ झाल्यावर पाय तसाच दाबून धरला आणि मेरीबायला खूण केली. तिने खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन चालू झालं की पेडल पायाखाली थोडं आपोआप खाली जायला हवं. आमचं जागचं हललं नाही.

"बूस्टर गेला," मेस्त्री म्हणाला. "हा बॉनेटखालचा काळा डबा. इंजिन त्यातली हवा ओढतं, म्हनून तुज्या पायाला जोर मिळतो. आता गाडी थांबवतोय तो तुजा पाय, गाडी नाय!"

आणि मी दोन महिने पोटरीला तेल चोळत होतो!

*

पाटील सरांनी एकदा तीन दिवस गाडीला हात लावला नाही. पायापाशी काहीतरी फुसफुसतंय म्हणे. केळीच्या बागेला लागून घर, तेव्हा सरांनी सर्पमित्र बोलावला. त्या बिचाऱ्याने सगळे मॅट काढले, सीटखाली काठी फिरवली. काही नाही. शेवटी हरेशने चार गावांत बोंब मारत गाडी मेस्त्रीकडे आणली.

मेस्त्रीने अनवाणी पायाने ब्रेक दाबला. फुस्स! सोडला. गप्प. परत दाबला. फुस्स!

"सर," तो म्हणाला, "हा साप लय शिस्तीचा. ब्रेक दाबल्याशिवाय बोलत नाय!"

बूस्टरच्या आतला रबरी पडदा फाटला होता. मेस्त्री सगळ्या जगाला अरे-तुरे करायचा, पण सरांना कायम 'सर' म्हणायचा. त्या दिवशी मात्र ते 'सर' जरा जास्तच लांबलं.

*

हरेशची तऱ्हा वेगळी. त्याच्या व्हॅनमध्ये नवीन बूस्टर घातला, तरी महिन्याभरात ब्रेक परत ताठ! मेस्त्री चिडला. बघतो तर इंजिनापासून बूस्टरपर्यंत जाणारी नळी भलतीच. जुनी तडकली म्हणून हरेशने होडीवरची पडलेली नळी कापून लावली होती. ती मऊ. इंजिनाने हवा ओढली की चपटी व्हायची.

"अरे, समुद्रात दोन वर्षं चालली ती!" हरेश म्हणाला.

"होडीला ब्रेक असतो काय रे?"

हरेश खरंच विचारात पडला. सर हसता हसता चहा सांडून बसले.

*

जुना बूस्टर काढायचा म्हणजे डॅशबोर्डखाली उताणं शिरून चार नट सोडवावे लागतात. मेस्त्रीचं पोट आणि ती जागा यांचं कधी जमलं नाही. एकदा तो तिथे अडकलेला असतानाच देवळाची, म्हणजे चर्चची, बाराची घंटा झाली. घंटा झाली की हातातलं काम थांबवून प्रार्थना, हा त्याचा नेम. त्याने आतूनच पान्यासकट क्रूस केला आणि पुटपुटायला लागला.

गाडी होती फादरांची, आणि फादर शेजारीच उभे. "बावतीस, निदान उठून तरी म्हण!"

"फादर, उठता आलं असतं, तर नट कवाच काढला असता!"

आम्ही तिघांनी पाय धरून त्याला ओढला. फादरांनी स्टिअरिंगमागून ढकलला.

*

काय दिवस होते! आता हायवेला काचेची सर्व्हिस सेंटरं झालीत. तिथे गाडीला कॉम्प्युटर जोडतात. तो शिव्या देत नाही, आणि त्याच्याजवळ बसावंसंही वाटत नाही.

मेस्त्रीला साखर होती हे आम्हाला माहीत होतं. पण एका शनिवारी तो तापलेल्या सायलेन्सरवर पाय ठेवून आरामात बोलत उभा राहिला, आणि मेरीबाय किंचाळली, तेव्हा आम्ही धावत जाऊन त्याचा पाय उचलला. तळपायाला काही कळतच नव्हतं. डॉक्टरांनी अनवाणी चालायची बंदी केली.

त्यानंतर त्याने हरेशच्या व्हॅनचा बूस्टर बदलला. काढलेला डबा मग दुसऱ्या गाडीवर लावून पाहिला, तर एकदम ठणठणीत! मेस्त्रीने तो भिंतीवर खिळ्याला टांगला.

"चांगला होता, मी मेलेला सांगितला," तो म्हणाला. "उद्या मेलेल्याला चांगला सांगीन. पायाला कळत नाय, तर ब्रेकला हात लावायचा नाय."

आम्ही त्याला वेड्यात काढलं. "मेस्त्री, एकदा होतं असं!" ब्रेकचं काम सोडलं तर तो दिवसभर करणार काय, हीच आमची काळजी.

*

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा ब्रेक पुन्हा ताठ झाला. लेक नातवाला घेऊन तीच गाडी नाशिकला नेणार होती. मी मेस्त्रीच्या मागेच लागलो. तो हो-ना करत तयार झाला. दोन दिवस खपून नवीन बूस्टर बसवला.

शनिवारी आम्ही तिघं उघड्या दारापाशी उभे. मेस्त्रीने हट्टाने चप्पल काढली. मेरीबाय पाणी घेऊन आली, तिने पाय धुतला, पुसला. तो आत बसला. पाचसहा वेळा ब्रेक दाबून पाय दाबून धरला. चावी या वेळी मी फिरवली. इंजिन सुरू झालं.

"गेला!" मेस्त्री ओरडला. "खाली गेला ना रे?"

पेडल जागचं हललं नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी तो असा खूश दिसत होता!

"गेला, मेस्त्री," मी म्हणालो. म्हटलं, नंतर बघू कुठेतरी.

"मस्त गेला!" सर म्हणाले. हरेशने अंगठा दाखवला.

"कुटं गेला?" मागून मेरीबाय म्हणाली. तिच्या हातात अजून तांब्या होता. "हललाय पन नाय."

मेस्त्रीने इंजिन बंद केलं. खिशात हात घातला आणि बूस्टरची नळी बाहेर काढली. ती त्याने मुद्दामच लावली नव्हती. इंजिनाकडचं तोंड बूच मारून बंद केलं होतं. नळी त्याने माझ्या हातात ठेवली आणि आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं.

मग तो सावकाश खाली उतरला, आणि त्याने मेरीबायच्या हातातला तांब्या घेतला.

"मेरी," तो म्हणाला, "चप्पल काड."