झटकलेला कागद

गच्चीवर पाऊल टाकलं की आधी ते नाक वर करून दोन-तीनदा हवा ओढायचे. मग स्वतःच्याच नाकावर टिचकी मारून म्हणायचे, "ह्येचं काय खरं न्हाय. कागुद काय म्हणतोय बघूया."

सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी पहिल्या दिवशी "साहेब" म्हटलं, तर म्हणाले, "सायेब बेळगावात खुर्चीवर बसत्यात, आक्का. मी गच्चीवरचा माणूस." मला आक्का म्हणणारे या मुलखात ते पहिले. माझं माहेर चंद्रपूरकडचं, कोळशाच्या खाणीजवळचं. लग्न होऊन निपाणीत आले तेव्हा इथली बोली कानावर यायची, पण तोंडात बसायची नाही. मी "हो जी" म्हटलं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. अण्णा कधी हसले नाहीत.

प्रदूषण नियंत्रणाच्या बेळगावच्या ऑफिसातून ते आठवड्यातून दोनदा निपाणीला यायचे. मी ज्या सरकारी इमारतीत झाडलोट करायची, तिच्या गच्चीवर त्यांचं यंत्र होतं. उतरत्या छपराची पत्र्याची पेटी. आत पांढरा कागद बसवून बटण दाबलं की ती गावची हवा ओढत बसायची. हवा निघून जायची, धूळ कागदावर राहायची. कागद आधी वजन करून आणलेला असायचा, नंतर पुन्हा वजन व्हायचं. मधला फरक म्हणजे आपण काय श्वासात घेतो त्याचा हिशेब. दिवसभर कागद बदलायला तिथलंच कोणी माणूस हवं होतं. अण्णांनी मला विचारलं. मी म्हटलं, "माझं शिक्षण आठवीपर्यंतच आहे जी. तेही पुरं नाही."

"कागुद बदलायला पदवी लागत न्हाय. हात स्वच्छ पायजे."

हात स्वच्छ हे शब्द मी मनात धरून ठेवले. त्यातूनच पुढचा घोळ झाला, तो सांगतेच. पण आधी माणूस कळायला हवा.

हवेच्या कागदाइतकीच त्यांची पाण्याच्या बाटल्यांवर माया. जीपमध्ये बर्फाची पेटी घेऊन ते नदीवर जायचे. पेटी बघून पोरं "कुल्फी, कुल्फी" करत मागं लागायची. अण्णा पेटी उघडून दाखवायचे, "नदीची कुल्फी हाय. खातासा व्हय?" बाटली भरताना आत एक बुडबुडा राहिला तरी ती ओतून पुन्हा भरायची. मी एकदा विचारलं, एवढ्याशा बुडबुड्यानं काय होतं? म्हणाले, "पाण्यात माशाला पुरंल इतकी हवा हाय का न्हाय ते बघायचंय. आपणच वरची हवा आत कोंडली तर मग मासा खोटा सांगायला लागंल."

ते स्वतः बेळगावातल्याच वडगावच्या विणकरांच्या घरातले. चुलत्यांची साड्यांच्या सुताला रंग देण्याची शेड होती. गल्लीतल्या नाल्याचे नमुने घ्यायचं काम यांच्याकडे आलं, तेव्हा पहिली बाटली त्यांनी चुलत्यांच्याच शेडखाली धरली. चुलते वर्षभर बोलले नाहीत. पुढं गल्लीतल्या सगळ्या शेडवाल्यांनी मिळून पाणी साफ करायची टाकी बांधली. नारळ चुलत्यांनी फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा अण्णांच्या हातावर ठेवत म्हणाले, "घे. ह्येचाबी नमुना घे." ही गोष्ट अण्णा लई रंगवून सांगायचे. वर्षभराच्या अबोल्याबद्दल मात्र एका वाक्यापेक्षा जास्त कधी बोलले नाहीत.

आता माझी गोष्ट.

आमच्या गच्चीसमोरच, रस्त्याच्या पलीकडं तंबाखूची एक मोठी वखार होती. आत चाळणं चालायचं आणि धूळ पत्र्यांच्या फटींतून बाहेर पडायची. वाऱ्याच्या दिशेनं राहणारी माणसं सकाळी शिंकतच उठायची. ऑफिसनं वखारीला नोटीस दिली होती. मालकाचं म्हणणं, ही धूळ आमची नव्हेच, हमरस्त्याची आहे. म्हणून काही आठवडे नेमानं कागद घ्यायचे आणि मग बेळगावात सुनावणी, असं ठरलं होतं. माझ्या सासूबाई त्याच वखारीत चाळणीवर कामाला. त्यांना हे पसंत नव्हतं. "तंबाखूला वास येणारच की. ती काय फुलांची वखार हाय?" आणि मग हळूच, "वखार बंद पाडशील गं बाई तू."

मी दोन्हीकडून घाबरलेली. घरात सासूबाई, गच्चीवर अण्णा. आपल्यासारख्या परमुलखातल्या बाईवर कोणी विश्वास टाकलाय, तर त्याला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, एवढंच मला कळत होतं.

एक दिवस पेटीतून कागद काढला तर तो तपकिरी होऊन गेलेला. मला शरम वाटली. एवढा घाण कागद अण्णांच्या हातात द्यायचा? मी तो कठड्याबाहेर धरून चांगला झटकला. उरलेली धूळ पदराच्या टोकानं हलकेच पुसली. जन्मभर झाडलोट केलेल्या हातांना दुसरं काय सुचणार? घडी घालून पाकिटात ठेवला आणि मनातून खूश झाले.

दुपारी अण्णा आले. पाकीट उघडलं, कागद चिमट्यात धरून उजेडाकडं केला आणि तसेच थांबले. "आक्का, निपाणीत आज वारं पडलंय का काय? एवढा पांढरा कागुद?"

मी अभिमानानं सांगितलं, "लई घाण झाला होता. झटकून ठेवला जी."

अण्णा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. आधी हसले, खूप हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसू हळूहळू थांबलं. "धूळच तर गोळा करतोय की आपण," ते इतकंच म्हणाले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नोकरी गेली, असं वाटलं. त्याहून मोठी भीती म्हणजे वखारीची केसच माझ्यामुळं बुडाली.

बर्फाची पेटी घेऊन ड्रायव्हर वर आला होता. त्यानं सगळं ऐकलं. म्हणाला, "अण्णा, कालच्या कागदावरनं अंदाजानं आकडा घाला की. कोण बघतंय?"

"मी बघतोय न्हवं."

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, "लिवा."

"मला लिहिता येत नाही नीट. चुका होतात जी."

"होऊ देत. कुठल्याबी भाषेत लिवा, कसंबी लिवा. पर झालं त्येच लिवा."

मी लिहिलं: मी कागद झटकला. घाण वाटला म्हणून. मला माहीत नव्हतं. आजचा आकडा धरू नये. खाली सही केली. अक्षर असं, की कोंबडी चालून गेल्यासारखं. अण्णांनी त्याखाली कानडीत एक ओळ लिहिली आणि आपली सही केली. मला तेव्हा कानडी अक्षर ओळखता येत नव्हतं. वाटलं, बाई अडाणी आहे, असं काही लिहिलं असेल. ते खरंच होतं, म्हणून विचारलंही नाही.

सुनावणीला मलाही बोलावलं. कागद बदलणारी मीच, म्हणून. आदल्या दिवशी सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळी मात्र माझ्या साडीच्या निऱ्या खालून ओढून सरळ केल्या आणि म्हणाल्या, "जा. खोटं बोलू नगंस म्हंजे झालं."

बेळगावच्या त्या मोठ्या खोलीत सगळं कानडीत आणि इंग्रजीत चाललेलं. मला फक्त "धूळु" एवढा शब्द कळत होता, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. अण्णा शेजारी बसून हळू आवाजात मराठी करून सांगत होते. वखारीचे वकील उठले. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. अण्णा म्हणाले, "इचारत्यात, शिक्षण किती?"

"आठवी. पुरी नाही."

वकील हसले. अशा बाईच्या हातचे हे कागद कसे खरे मानायचे, हे आकडे घरी बसून लिहिलेले कशावरून नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मधल्या खुर्चीवरचे साहेब रजिस्टर चाळत होते. एका पानावर ते थांबले. कोणाकडून तरी माझा मजकूर वाचून घेतला. खोलीत हशा पिकला. मी मान खाली घातली. मग साहेबांनी खालची कानडी ओळ स्वतः मोठ्यानं वाचली आणि हशा थांबला.

मी अण्णांकडं बघितलं. त्या ओळीचं मराठी काही त्यांनी करून सांगितलं नाही. ते बुटाच्या टोकाकडं बघत बसले होते.

साहेब वकिलांना म्हणाले, ते मात्र अण्णांनी सांगितलं: "म्हणाले, घरी बसून लिवणाऱ्यानं ह्ये पान कशाला लिवलं असतं? बाकीच्या पानांबद्दल काय असंल ते बोला." वकील बाकीच्या पानांबद्दल फार काही बोलू शकले नाहीत.

परत येताना अण्णा चहाला उतरले तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, कानडीत काय लिहिलं होतं? तो म्हणाला, "'काम समजावून सांगायची जबाबदारी माझी होती, ती मी पुरी केली न्हाय. चूक माझी.' आस्सं लिवलंय बघ." जरा थांबून म्हणाला, "ह्ये ऑफिसात जड जातंय बरं का. त्येंनाबी इचारणा झालती त्येची."

चहाचा ग्लास माझ्या हातात देताना अण्णा म्हणाले, "गार हुतोय, आक्का." माझ्या आयुष्यात माझ्या चुकीखाली दुसऱ्या कोणी सही केली नव्हती.

वखार बंद पडली नाही. हुकुमाप्रमाणं चाळणीच्या जागेवर धूळ ओढून घेणाऱ्या मोठमोठ्या कापडी पिशव्या बसल्या, पत्र्यांच्या फटी बुजवल्या. आधी मालक कुरकुरला. मग पिशव्यांत साठलेला तंबाखूचा भुगा बघून गप्प झाला. कागद एका दिवसात पांढरे झाले नाहीत. महिन्यामागून महिना गेला तसे तपकिरीचे फिके झाले. तुम्हाला सांगते, पेटी उघडताना माझी छाती धडधडायची, निकाल लागल्यासारखी. फिका कागद निघाला की तो मी दोन्ही हातांनी धरायची. श्वाससुद्धा रोखून, त्यावरचा एक कण उडू नये म्हणून.

आमच्या निपाणीची हवा साफ झाली असं मी म्हणणार नाही. अजून पुष्कळ बाकी आहे. पण ती मोजली जाते, आणि खरी मोजली जाते. त्यात माझा हात आहे. माहेरी फोनवर हे सांगताना माझा आवाज आपोआप मोठा होतो.

मग अण्णांची बदली झाली. पार बिदरला. शेवटच्या दिवशी ते दोन नव्या मुलींना घेऊन आले. दुसऱ्या गावांत यंत्रं बसणार होती, त्यांना शिकवायचं होतं. मला वाटलं, अण्णा सांगतील, मी ऐकेन. ते टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आक्का सांगत्यात. नीट ऐका." मी माझ्या चुकीपासून सुरुवात केली. मुली हसल्या, मीही हसले. अण्णा सगळा वेळ ऐकत राहिले.

ते निघाले तेव्हा मी नमस्कार करायला वाकले तर अण्णा मागं सरले. "बिदरला मला कोण आक्का भेटतीय कुणाला ठावं," म्हणाले आणि जिना उतरले.

मी कठड्याशी उभी राहून बघत होते. दुपारची सुट्टी झाली होती. वखारीच्या भिंतीच्या सावलीत बायका ओळीनं डबे उघडून बसल्या होत्या. पूर्वी तंबाखूच्या धुळीमुळं तिथं उघड्यावर कोणी भाकरी काढत नसे. कोणीतरी हाक मारली. अण्णा थांबले, हातातली बॅग खाली ठेवली आणि मातीतच मांडी घालून बसले. माझ्या सासूबाईंनी आपल्या भाकरीचा अर्धा चतकोर मोडून, त्यावर चटणी घालून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो झाकला नाही, फुंकला नाही. सरळ खाल्ला.