सुलतानचा चांगला एक्स-रे

आगाशीच्या नरहरी वर्तकांना स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं, की ते छताकडे बघायचे. पण त्यांच्या सुलतानच्या पणजोबांचं नाव विचारा! जर्मनीतल्या गावासकट ताबडतोब सांगणार. सुलतान म्हणजे त्यांचा अल्सेशियन कुत्रा. त्याची वंशावळ फ्रेम करून ओटीवर लावलेली होती, आणि तिला जागा व्हावी म्हणून वडिलांचा फोटो जरा बाजूला सरकवलेला. दसऱ्याला हार आणायचे तो एकच, दोघांवरून आडवा टाकायचे.

वाडीतल्या केळी त्यांचा भाऊ बघायचा, घर बायको जयवंती बघायची. नरहरी सुलतानला बघायचे. दोन हजार दोन साल होतं. विरारला इमारतींवर इमारती उठत होत्या. त्या फ्लॅटांत माणसं मावत नव्हती, पण जो तो अल्सेशियनचं पिल्लू मागत होता. नरहरींच्या मनात एकच होतं, सुलतानचा वंश वसई तालुक्यात पसरावा आणि लोकांनी म्हणावं, ‘हा वर्तकांकडचा!’ त्यासाठी तोलामोलाची नवरी हवी, आणि तशी एकच होती. नंदाखाल गावच्या फ्लॉसीची अल्सेशियन कुत्री, बेला.

फ्लॉसी कुवेतला नर्स होती, आता परत आलेली. नरहरी इस्त्रीचा सदरा घालून, सुलतानला सोबत घेऊन तिच्या अंगणात बोलणी करायला गेले. तिने चहा दिला, केक दिला आणि म्हणाली, “काका, आधी ह्याच्या खुब्यांचा एक्स-रे काढा. कुत्र्यांच्या क्लबचं सर्टिफिकेट आलं की पुढचं बोलू. बेलाचं आलंय.”

झालं! नरहरींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लग्नाच्या बाजारात लोक पत्रिका विचारतात, पगार विचारतात, फार तर चष्म्याचा नंबर विचारतात. नवऱ्यामुलाच्या कंबरेच्या आत डोकावणारी ही कोण टिकोजीराव?

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” ते कडाडले. “चाल बघ त्याची! मागून बघ, कसा हत्तीसारखा डुलतो.”

“डुलतोय म्हणूनच म्हणते, काका,” फ्लॉसी म्हणाली. नरहरींना ते कौतुकच वाटलं.

निर्मळला डॉक्टर रुडॉल्फ यांचा जनावरांचा दवाखाना होता. त्यांनी नीट समजावलं. कुत्र्याला उताणा झोपवायचा, मागचे दोन्ही पाय सरळ ताणायचे, गुडघे आत वळवायचे आणि कंबर तसूभरही तिरकी होऊ द्यायची नाही. जागेपणी कुठलंच कुत्रं असं करून घेत नाही, म्हणून गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं.

“बेशुद्ध करून कोण स्थळ दाखवतं हो?” नरहरी म्हणाले. “माझ्या शब्दाबाहेर नाही तो. मी धरतो.”

धरला. शिशाचा जड एप्रन गळ्यात अडकवून स्वतः धरला. सुलतानने आधी आळोखेपिळोखे दिले, मग डॉक्टरांच्या मदतनिसाला लाथ दिली, मग टेबलावर जे द्यायचं नसतं तेही दिलं. प्लेट धुऊन आली तेव्हा तिच्यात सुलतानची कंबर तिरकी, एक पाय आगाशीकडे, दुसरा विरारकडे, आणि मधोमध नरहरींची चार बोटं, पुष्कराजाच्या अंगठीसकट. डॉक्टर म्हणाले, ही पाठवण्यात अर्थ नाही. नरहरी म्हणाले, पाठवाच. क्लबचं उत्तर आलं, ‘एक्स-रे चांगला नाही. पुन्हा काढावा.’

आता यात कुत्र्याबद्दल एक अक्षर तरी होतं का? पण आपला तो बाब्या म्हणणाऱ्या माणसाला कोण समजावणार! सुलतानला नापास केलं, असंच नरहरींनी धरलं. मग ओटीवर येईल त्याला ऐकवू लागले, “असा चांगला एक्स-रे काढून आणतो, की क्लबवाल्यांनी तोंडात बोट घालावं!” बेला, पिल्लं, वंश सगळं मागे पडलं. घरात चांगल्या एक्स-रेचा जप सुरू झाला. जयवंती म्हणाली, “अहो, एवढा ध्यास माझ्या गुडघ्यांचा घेतला असतात, तर मी आज कुंपणावरून उडी मारली असती.”

दुसऱ्या खेपेला त्यांनी गुंगीचं इंजेक्शन मुकाट्याने देऊ दिलं. सुलतान शांत निजला. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना उशा लावून त्याला सरळ केला, पाय बांधले, कंबर पुन्हा पुन्हा तपासली. थोड्या वेळाने अंधाऱ्या खोलीतून ओली प्लेट घेऊन बाहेर आले ते खुशीतच. “वा! काय सुंदर एक्स-रे आलाय! इतका चांगला मी बऱ्याच दिवसांत काढला नव्हता. हा शुद्धीवर येईपर्यंत थांबा काका, मग आपण...”

काका थांबतायत कसले! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तडक मिठाईच्या दुकानात. निर्मळच्या नाक्यावर पेढे, रिक्षा स्टँडवर पेढे, वाटेत भेटलेल्या फादरांनाही पेढा. फ्लॉसीला दुकानातूनच फोन केला, “ये, बघायला ये!”

ती आली. नरहरी शेवटचा पेढा उरलेला पुडा घेऊन परतले तेव्हा ती प्लेट खिडकीशी धरून उभी होती. डॉक्टरांनी पेढा घेतला नाही, म्हणाले,

“काका, लाडू वाटीत बसावा तसं मांडीचं हाड खुब्यात बसायला हवं. ह्याच्या वाट्या बशीसारख्या सपाट आहेत. हाड घसरतं, घासतं. तो ऐटीत डुलत नाही हो, मागचे पाय दुखतात त्याचे. पहिल्यापासून दुखत असणार. आणि हे पिल्लांत उतरतं.”

“पण तुम्हीच म्हणालात ना, चांगला आलाय?”

“एक्स-रे चांगला आलाय,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

पेढे मात्र पोटात गेले होते आणि बातमी गोखिवऱ्याला पोचली होती. रविवारी तिथले कारखानदार परेश मोटारीतून आले. त्यांच्याकडेही एक अल्सेशियन कुत्री होती, तिच्यासाठी त्यांना सुलतान हवा होता. “नरहरीशेठ, एक्स-रे चांगला आला म्हणे!”

नरहरींच्या जिभेवर ‘हो’ आला. त्यात खोटं काय होतं? डॉक्टरांचेच शब्द. प्लेट कपाटात होती, फ्लॉसी कुणाला सांगत फिरणारी नव्हती, आणि वर्षभरात अर्ध्या वसईत सुलतानची पिल्लं दिसली असती. नरहरी नुसते हसले. तेवढ्याने परेशांचं काम भागलं.

पाहुणे आले की विहिरीच्या कठड्यावर उडी मारून दाखवायची, हे सुलतानला नरहरींनीच शिकवलेलं. आता त्यांनी काही सांगितलं नव्हतं. पण मोटार बघून तो पुढचे पाय रोवून उठला, मागची कंबर कशीबशी वर ओढली आणि शेपटी हलवत कठड्याकडे निघाला.

“वा! काय ऐट आहे!” परेश म्हणाले.

“नको रे!” नरहरी ओरडले आणि लुंगी सावरत धावले. कठड्याशी त्याला दोन्ही हातांनी मिठीत धरून मटकन खालीच बसले. सुलतान त्यांचं तोंड चाटू लागला.

“ऐट कसली डोंबलाची! दुखतंय त्याला. नाही लावून द्यायचं मला ह्याचं लग्न.”

“अहो, पण एक्स-रे चांगला आहे ना?”

“चांगला आहे,” नरहरी म्हणाले. “माझ्या घरचं कुत्रं, रोज समोर चालत होतं, तरी मला मेल्याला दिसलं नाही, ते सगळं त्यात स्वच्छ दिसतं. जा आता तुम्ही.”