घरात अजून कुणाला असं आहे का?

सुचित्रा धुरी लालबागला मसाला कुटून देणाऱ्या एका गिरणीत मिरच्या आणि धणे भाजायला बसते. वय एकसष्ट. तिच्या शेजारी बाकड्यावर तिचा एकतीस वर्षांचा मुलगा गौतम मिरच्यांची देठं काढत असतो. एकही देठ राहत नाही, एकही मिरची तुटत नाही. गिऱ्हाईक काही विचारायला गेलं तर तो मान वर करत नाही. मग सुचित्राच सांगते, "तो बोलत नाही. काय हवं ते मला सांगा."

हे इतक्या सरळपणे सांगायला तिला वीस वर्षं लागली.

गौतम अडीच वर्षांचा असताना त्याचं बोलणं हळूहळू बंद झालं. सासूबाई म्हणाल्या, "ह्याका कोणाची तरी नजर लागली." दृष्ट काढून झाली, गावच्या देवाला नारळ देऊन झाला. मग एका डॉक्टरनं चष्म्यावरून बघत सांगितलं, आई मुलाशी पुरेसं बोलत नसेल. सुचित्रानं ते खरं मानलं. पुढची दोन वर्षं ती सकाळपासून त्याच्याशी बोलत राहिली. हा तांब्या, ही खिडकी, हे बघ पाणी उकळलं. घसा बसायचा, तरी बोलायची. चाळीतल्या बायका हसायच्या. गौतम भिंतीकडे बघत बसायचा.

तो सात वर्षांचा झाला तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ऑटिझम हा शब्द उच्चारला. सुचित्रानं तो कागदावर लिहून घेतला आणि घरी येऊन मोठ्या जाऊबाईंना दाखवला. थोरले दीर चिंतामणी बँकेत अधिकारी होते. त्यांनी शिवाजी पार्कजवळ जागा घेतली होती, आणि घरातले निर्णय तेच घ्यायचे. जाऊबाई सरोजिनी कागद वाचून म्हणाल्या, "हे नाव बाहेर काढू नकोस. उद्या आमच्या अभिषेकचं लग्न करायचंय. लोक म्हणतील, घराण्यातच आहे."

मग ताप ठरला. लहानपणी मोठा ताप आला आणि डोक्यात गेला, असं सगळ्यांनी सांगायचं. नवरा जयवंत थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर नव्हताच. पण सुचित्राही तेच सांगत राहिली. शेजारणींना, माहेरच्यांना, अभिषेकच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी मुलीकडच्यांनाही. ते तिच्या मनाला फार लागून राहिलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी सरोजिनीवहिनींचा फोन आला होता, की हॉलमध्ये फार आवाज असतो, गौतमलाच त्रास होईल. तेव्हाही ती "बरोबर आहे" म्हणाली होती.

गेल्या वर्षी गणपतीला ती दर्शनापुरती शिवाजी पार्कला गेली. अभिषेकची मुलगी श्रेया तेव्हा पावणेतीन वर्षांची. ती आरतीकडे पाठ करून एक वाटी जमिनीवर गरगर फिरवत बसली होती. चार वेळा हाक मारली तरी वळली नाही. पाणी हवं झालं तेव्हा तिनं आईचं मनगट धरलं आणि तो हात एखाद्या वस्तूसारखा नेऊन फिल्टरवर ठेवला. सुचित्राला लहानपणचा गौतम आठवला. तिनं सरोजिनीवहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "अभिषेकसुद्धा उशिराच बोलला होता." कुणी काही विचारलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी सुचित्रानं अभिषेकच्या बायकोला, कादंबरीला फोन केला. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडून रडू फुटलं.

"काकी, सहा महिने झाले, मी मोबाईलवर हेच वाचतेय. घरात बोलले की म्हणतात, तू नोकरी करतेस, पोरीला टीव्हीसमोर बसवतेस, म्हणून असं झालं."

"आधी हे ऐक," सुचित्रा म्हणाली. "तुझं काहीही चुकलेलं नाही. टीव्हीनं होत नाही हे. तू नोकरी करतेस म्हणूनही होत नाही. ऐकलंस?"

"हो."

"आता नाव शोधत बसू नकोस. आधी कान तपासून घेऊ. मग मुलांच्या वाढीचे डॉक्टर बघतात, त्यांच्याकडे जाऊ. मी येते बरोबर."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की जे ती कादंबरीला इतकं सहज बोलली, ते तिला स्वतःला आजवर कुणीही म्हटलेलं नव्हतं.

श्रेयाचे कान ठीक निघाले. महिन्याभरानं परळला डॉक्टरांची वेळ मिळाली. सुचित्रानं कादंबरीकडून वहीत सगळं लिहून घेतलं होतं: पोर कधी चाललं, कशाला घाबरतं, काय खातं, हाकेला किती वेळा वळतं. अभिषेकला ऑफिसातून निघता आलं नाही. ऐनवेळी सरोजिनीवहिनी मात्र आल्या, इस्त्रीच्या साडीत, न बोलावता.

डॉक्टर तरुण होत्या. त्या जमिनीवर बसून श्रेयाशी पाऊण तास खेळल्या. मग टेबलाशी येऊन एकेक विचारत गेल्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात अजून कुणाला असं आहे का? काका, आत्या, चुलत भावंडं?"

"नाही," सरोजिनीवहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे असलं काही नाही."

सुचित्रा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढायला पेन टेकवलं.

"आहे," सुचित्रा म्हणाली. "माझा मुलगा. हिच्या नवऱ्याचा चुलत भाऊ. एकतीस वर्षांचा आहे."

कादंबरी सासूकडे वळली. "पण तुम्ही तर ताप म्हणाला होतात."

"मीही म्हणाले होते," सुचित्रा म्हणाली. "ताप आलाच नव्हता."

डॉक्टरांनी शांतपणे लिहून घेतलं. ऑटिझमची लक्षणं आहेत, अजून एकदोन चाचण्या करू, पण थेरपीसाठी थांबायचं कारण नाही, याच आठवड्यात सुरू करा, असं त्या म्हणाल्या. बाहेर येताच सरोजिनीवहिनींनी सुचित्राचा दंड धरला.

"इतकी वर्षं गप्प होतीस. आजच तोंड उघडायचं होतं?"

"फार आधीच उघडायला हवं होतं, वहिनी."

वहिनी टॅक्सी करून एकट्याच निघून गेल्या. कादंबरी श्रेयाला कडेवर घेऊन फाटकापाशी उभी राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "काकी, हिचं गौतमसारखं नाही ना होणार?"

सुचित्राला वाटलं, कुणी कानशिलात मारली. पण पोर आईच्या खांद्यावर पेंगुळलं होतं, आणि आई उत्तराची वाट बघत होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनाही आज सांगता येणार नाही. हिला लवकर मदत मिळतेय, एवढं खरं." मग ती म्हणाली, "गौतम वाईट नाहीये गं."

"तसं नव्हतं म्हणायचं मला," कादंबरी म्हणाली. पण तिला तसंच म्हणायचं होतं, हे दोघींनाही कळत होतं.

त्या रविवारी अभिषेकचा फोन आला. कादंबरीचे आईवडील, आमची फसवणूक झाली, म्हणून भांडून गेले होते. "काकी, डॉक्टरला नंतर एकटीनं सांगता आलं असतं," तो म्हणाला. चिंतामणी तर जयवंतशीही बोलेनासे झाले. जयवंत आठवडाभर धुसफुसत होता. "काय मिळालं तुला?" असं त्यानं एकदा जेवताना विचारलं. सुचित्रानं त्याला भात वाढला.

कादंबरी मात्र फोन करत राहिली, सासू घरात नसताना, नाहीतर थेरपीच्या बाहेरच्या बाकड्यावरून. श्रेया केस कापू देत नाही, काय करू? शाळेत सांगू की नको? सुचित्रा सांगायची: आधी नुसती कात्री हातात दे, वाजवू दे. शाळेत सांग, लपवू नकोस. गौतम कसा आहे, हे विचारायचं कादंबरीला दर वेळी सुचायचं नाही.

यंदा जूनमध्ये एका दुपारी तिचा फोन आला. आवाज उड्या मारत होता. "काकी, श्रेया आज 'पाणी दे' म्हणाली! दोन शब्द! स्वतःहून!"

"छान झालं," सुचित्रा म्हणाली. "खूप छान. आता लगेच दे तिला पाणी, वाट बघायला लावू नकोस."

फोन ठेवून ती भट्टीपाशी आली. कढईतले धणे करपले होते. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्याखालून एवढा राग उसळला, की तिला हातातला झारा खाली ठेवावा लागला. पोरीला तीन वर्षांची व्हायच्या आत मिळालं ते गौतमला का नाही? त्या पहिल्या, चष्मेवाल्या डॉक्टरवर राग, जाऊबाईंवर, जयवंतवर, आणि सगळ्यांत जास्त, तापाची गोष्ट घरोघर सांगत फिरलेल्या स्वतःवर. मग त्या एवढ्याशा पोरीचा आपण हेवा करतोय, याची लाज वाटली. लाज वाटली म्हणून हेवा गेला नाही.

तिनं करपलेले धणे बाजूला ओतले आणि नवे कढईत टाकले.