कंटाळा आला की परत आणा

आमच्या वाचनालयात मुलांच्या खोलीत खिडकीखाली एक बुटकं निळं कपाट आहे. त्याच्यावर पाटी नाही, पण मुलं त्याला ‘दात पडल्याचं कपाट’ म्हणतात, कारण बहुतेकांची त्याच्याशी ओळख पहिला दात हलायला लागला की होते. आत नुसती चित्रांची पुस्तकं, आणि सगळी एकाच कुळातली. काहीतरी बदलतं, कोणीतरी रुसतं, आणि शेवटच्या पानापर्यंत कसंबसं जमवून घेतं. एका अस्वलाचे पाय पलंगाबाहेर यायला लागतात. एका पेटीला नव्या घरात उघडायची भीती वाटते. एका हत्तीच्या घरी दुसरं पिल्लू येतं आणि पहिलं पिल्लू सगळ्यांकडे पाठ करून बसतं.

हे कपाट ताईंचं. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना ताईच म्हणतात. घर बदलणार, शाळा बदलणार, बाळ येणार, असं काही झालं की आईबाप मुलाला धरून त्यांच्यापुढे उभं करतात. ताई आईबापांना बाहेरच्या बाकावर बसवतात आणि मुलाला विचारतात, काय होणार आहे, त्यातलं काय नकोय, आणि काय होतं तसंच राहायला हवंय. मग कपाटातून एकच पुस्तक निघतं. निघताना आईबापांना दम मिळतो, “त्याचं त्याला बघू दे. मध्ये बसून शहाणपण शिकवू नका.”

आता माझं दुखणं सांगते. मी काउंटरवर बसते, म्हणजे पुस्तकं परत येतात की नाही ही डोकेदुखी माझी. आणि या कपाटातल्या पुस्तकांना परतीची तारीखच नाही. ताईंचा नियम असा, की मुलाला पुस्तकाचा कंटाळा आला की परत आणायचं. कंटाळा आला म्हणजे भीती गेली, असं त्यांचं म्हणणं. तेही मुलानं स्वतः येऊन सांगायचं. ते खाली बघून ‘आला कंटाळा’ म्हणालं, तर ताई म्हणतात, “वर बघून सांग.” वर बघून सांगता आलं नाही तर पुस्तक पुन्हा घरी. यावरून मी त्यांच्याशी कितीदा भांडले असेन, पण त्या ढिम्म.

आणि मजा बघा, जगाला बदल शिकवणाऱ्या या बाई स्वतः काडीचाही बदल चालवून घेत नाहीत. वाचनालयात नव्या खुर्च्या आल्या, ताईंची जुनीच. पिशवी अडकवायला त्यांचा ठरलेला खिळा, त्याला दुसऱ्या कोणी छत्री लावली तर दिवसभर धुसफुस. घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. या बहिणीला त्या ‘छोटी’ म्हणतात. छोटीची पन्नाशी कधीच उलटली आहे. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात बाह्या आखूड करते, झिपा बदलते. सकाळी आधी उठेल तिनं किटलीचं झाकण वाजवून दुसरीला उठवायचं, अशी या बहिणींची लहानपणापासूनची रीत.

या छोटीला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून ती चष्मा करायला गेली. मग काडी सैल झाली म्हणून गेली. मग काच पुसायचं फडकं विसरलं म्हणून गेली. शेवटी एकदा जेवताना तिनं सांगून टाकलं, की चष्मेवाल्यानं लग्नाचं विचारलंय आणि तिला हो म्हणायचंय. चष्मेवाला विधुर, घरी मुलगा, सून आणि एक नात. माणूस चांगला. ताईंनी ताट उचललं, घासलं आणि त्या झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बघते तर ताई निळ्या कपाटापुढे जमिनीवर बसलेल्या आणि भोवती पुस्तकांचा पसारा.

“काय शोधताय?” मी विचारलं.

“ज्यात कोणी कुठे जात नाही असं एखादं.”

“मिळालं?”

“एक नाही.” त्या करवादल्या. “कोणी भरलंय हे कपाट?”

मला हसू आवरेना. त्यांनीच भरलं होतं.

पण मग हसण्यासारखं राहिलं नाही. ताई घरी गरजेपुरतंच बोलायला लागल्या. चष्मेवाल्याला भेटायचं नाव नाही. एक दिवस ताई वरच्या मजल्यावर गेलेल्या बघून छोटी माझ्या काउंटरशी आली. डोळे सुजलेले.

“ताई मनापासून हो म्हणाली नाही, तर मी नाही करणार लग्न,” ती म्हणाली. “त्यांनाही तसं सांगितलंय. तिला एकटं टाकून, तिला रडवून मला नाही सुख लागायचं.”

मला ताईंचा असा राग आला म्हणता! चांगले दोन शब्द सुनवायचे असं ठरवून टाकलं. पण माझ्या आधी भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे चष्मेवाल्याची नात. नाव काही असो, सगळे भिंगरीच म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. आजोबांना तिनं दारातच थांबवलं आणि तरातरा ताईंपुढे येऊन उभी राहिली. ताईंना ती कोण ते ठाऊक होतं. तिला मात्र ताई कोण हे कोणी सांगितलं नसावं.

“आमच्याकडे नवी आजी येणारे, म्हणजे बहुतेक,” ती म्हणाली. “पुस्तक द्या.”

ताईंचा चेहरा उतरला. पण इतक्या वर्षांची सवय, तोंडातून प्रश्न आलेच. काय नकोय?

“मला ती माहीतच नाहीये. माहीत नसलेलं माणूस घरात नकोय.”

“आणि काय राहायला हवं?”

“आजोबांच्या शेजारची खुर्ची. ती माझी आहे.”

नव्या आजीवरचं पुस्तक कपाटात नव्हतं. ताईंनी दोनदा बघितलं. नाही म्हणून मुलाला परत पाठवणं त्यांच्या रक्तात नाही, म्हणून म्हणाल्या, “शनिवारी ये. तयार ठेवते.”

मग ताई पुठ्ठा, कात्री, खळ घेऊन बसल्या. त्यांना चित्र काढता येत नाही हे मी स्पष्टच सांगते. आजीचे हात गुडघ्यापर्यंत आले होते. पण पानं बघितली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. नवी आजी झोपेत बोलते, घाबरू नको, ती बाह्यांची मापं सांगत असते. नव्या आजीच्या खिशात नेहमी रीळ असतं. तिला जिन्यात अंधार असला की हात धरायला लागतो, पण ती मागणार नाही, आपणच धरायचा. सकाळी किटलीचं झाकण वाजलं तर समजायचं, तिला तू उठायला हवी आहेस. हे शेवटचं पान चिकटवताना ताई रडत होत्या. मी पाणी दिलं आणि काउंटरवर निघून आले.

शनिवारी भिंगरीनं पुस्तक तिथेच बसून दोनदा बघितलं.

“ही आता कुठे राहते?” तिनं विचारलं.

“माझ्याकडे. माझी बहीण आहे ती.”

“मग ती आमच्याकडे आली की तुमच्या जिन्यात कोण?”

“मी एकटीच.”

“ते तुम्ही काढलंच नाही.” भिंगरीनं पुस्तक मिटलं आणि ताईंच्या मांडीवर ठेवलं. “तुम्हीच न्या आधी. मला आता ती माहीत झाली. तुम्हाला जास्त दिवस लागतील.”

त्या दिवशी ठरलेल्या खिळ्यावरची पिशवी काढून ताईंनी त्यात ते पुस्तक घातलं. निळ्या कपाटातलं पुस्तक त्यांनी स्वतःसाठी घरी नेलं, ते हे पहिलंच.

घरी छोटीनं ते वाचलं. पुढे काय झालं ते मला छोटीनंच सांगितलं. आधी दोघी खूप रडल्या, मग आजीच्या लांब हातांवरून खूप हसल्या, आणि मग ताई म्हणाल्या, “जा गं. सकाळी त्यांना झाकण वाजवून उठव, सवय होईल त्यांना.” लग्नाच्या नोंदणीला पहिली साक्षीदाराची सही ताईंची होती.

आता छोटी आणि भिंगरी दर शनिवारी एकत्र येतात. परवाही आल्या. भिंगरीनं ताईंच्या टेबलाशी उभं राहून विचारलं, “आला का कंटाळा त्या पुस्तकाचा?”

“आला की,” ताई कागद सारखे करत म्हणाल्या.

“वर बघून सांगा.”

ताईंनी वर बघितलं. भिंगरीच्या मागे छोटी उभी होती, खिशात रीळ घेऊन.

“नाही आला गं,” ताई म्हणाल्या.

“मग राहू दे तुमच्याकडेच,” भिंगरी म्हणाली, आणि हलणारा दात जिभेनं चाचपत निळ्या कपाटाकडे वळली. ते पुस्तक परत कधी येणार, हे मी ताईंना अजून एकदाही विचारलेलं नाही.