डुकरांसाठी शालू

जगातली कुठलीही वस्तू रिकामी बसलेली माझ्या थोरल्या नणंदेला बघवत नाही, आणि ती वस्तू दुसऱ्याची असेल तर अजिबातच बघवत नाही. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे डॉक्टरांनी बघून परत दिला, तर दुसऱ्या दिवशी वन्संनी तो गोठ्याच्या फुटक्या खिडकीला ठोकून टाकला. आजही धार काढायला जावं तर कोवळ्या उन्हात माझा गुडघा लखलखत असतो. रस्त्यावर कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की तो वाढदिवस उलटायची वाट बघत या विळा घेऊन तयार. असाच एक पुढारी आमच्या शेळ्यांच्या छपरावर कैक पावसाळे हसतो आहे. निवडणुकीत त्याचाच माणूस मतं मागायला आला आणि वर बघून गोरामोरा झाला, तर वन्सं त्यालाच समजावतात, "ऱ्हाऊ दे रं. शेळ्यांचं अन् त्याचं लई जमतं."

इथपर्यंत मीही हसत होते. पण यंदा त्यांनी माझ्या लग्नाच्या शालूला हात घातला, आणि तेव्हापासून माझं डोकं जे तापलं आहे ते अजून निवत नाही.

या शालूचं काय करायचं, हा आमच्या घरातला जुना वाद. आमचे हे गेल्यावर "आता कशाला हवाय तो?" असं तोंडाने कुणी म्हणालं नाही, पण कपाट उघडलं की सगळ्यांचे डोळे म्हणायचे. सून म्हणाली, ड्रेस शिवू. मारुंजीला फ्लॅटात राहणारी नात म्हणाली, "आजी, सोफ्याच्या उशांना काय भारी दिसेल!" म्हणजे जो नेसून मी बोहल्यावर उभी राहिले, त्याला टेकून हिचे पाहुणे वेफर्स खाणार! मी सगळ्यांना हाकलून लावलं. मला त्याचं काहीही करायचं नव्हतं. नुसता असू द्यायचा होता.

तसा तो नेसून मिरवलं कोण, तर एक बावळट पोरगी. वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये बसलं तर शालू चुरगळेल म्हणून ती दोर धरून अख्खा घाट उभी राहिली, आणि उतरल्यावर चक्कर येऊन थेट सासूच्या अंगावर कोसळली. वर शुद्धीवर आल्या आल्या पहिला प्रश्न काय, तर "शालूची जर फाटली का हो?" सासूबाईंनी मला तिथूनच परत कशी पाठवली नाही, हेच नवल.

तर दसरा झाल्यावर, दरवर्षीप्रमाणे, मी शालू ऊन दाखवायला दोरीवर घातला. जेवून जरा कलंडले. उठून बघते तर दोरी रिकामी!

मी तशीच अनवाणी वन्संच्या खाचरावर गेले. वन्संचा संसार वर्षभरात मोडला. माहेरी परतल्या तेव्हा सासऱ्यांनी रानालगतचं हे भाताचं खाचर त्यांना दिलं. तेव्हापासून त्या त्याच्यावरच जगतात. आमच्याकडून चहाची पूडसुद्धा घेत नाहीत. गेल्या साली ऐन लोंब्या भरताना रानडुकरांनी ते खाचर लोळून लोळून सपाट केलं, आणि वर्षभर वन्सं आमच्या चुलीवरचं जेवल्या. एरवी घर डोक्यावर घेणारी बाई, भाकरी मागून घेताना आवाज काढत नसे.

डुकरं बुजावीत म्हणून आमच्याकडे भाताला जुन्या साड्यांचं कुंपण करतात. तसं वन्संनीही केलं होतं, आणि डुकरं उतरतात नेमक्या त्या कोपऱ्यात दोन मेढींना ताणून बांधलेला माझा लालभडक शालू! वर त्याच्यापुढे जवळच्या रिसॉर्टात उतरलेलं एक जोडपं गालाला गाल लावून फोटो काढत होतं.

"वन्सं! शालू हाय तो माझा!" रागात माझं शिकलेलं मराठी पळून जातं.

"मग? पुन्यांदा बोहल्यावर चढायचंय व्हय?"

"डुकरांच्या तोंडाला बांधलात?"

"नुसत्या लुगड्याला आता भीत न्हाईत मेली. शालूची जर चमाकती."

"मग तुमचा बांधायचा हुता की!"

त्यांनी विळ्याच्या टोकाने पलीकडची मेढ दाखवली. तिथे एक मातकट चिंधी फडफडत होती. काठाला कुठेतरी हिरवा रंग. "ह्यो काय. त्यो आदी बांधला. आता त्यात काय ऱ्हायलं न्हाई, म्हनून तुझा." आणि बांधावरचं गवत कापायला वळल्या. "न्यायचा तर ने बाई. पर आत यायची वाट हितंच हाय त्यांची."

मी तणतणत गाठीला हात घातला. एका हिसक्यात सुटली.

"ही काय गाठ मारायची रीत झाली? वाऱ्यानंच जाईल की!" असं ओरडत मी ती पुन्हा आवळली, दात लावून आवळली, आणि उरलेला राग त्या जोडप्यावर काढला.

राग अजून आहेच. वन्संशी मी फक्त भांडायलाच बोलते. पण रोज सांजच्याला बांधावर जाऊन बसते. लग्नात मान वर करायची नाही अशी ताकीद होती, त्यामुळे मला दिसले ते फक्त काठ आणि माझ्या पायाची बोटं. नंतर तो कायम घडीतच राहिला, उन्हात घातला तरी दुमडूनच. या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडलेला, पदरावरचे मोर वाऱ्याने हलताहेत असा अख्खा शालू मी आत्ता, या वयात बघते आहे.

वन्सं शेजारीच बसतात, पण त्या शालूकडे बघत नाहीत. त्या पलीकडच्या मेढीकडे बघतात. भात अजून हिरवट आहे. कापणीपर्यंत दोन्ही शालू टिकू देत.