बायको चौथ्या पातळीवर

आमच्या पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीला मध्यंतरी पारदर्शकतेचा झटका आला. कुणाचा पगार किती, हे सगळ्यांना दिसणार आणि तो नोकरीच्या वर्षांवर नाही, कौशल्याच्या पातळीवर ठरणार, असं जाहीर झालं. मी गावाकडे उमापुरातल्या घरी, जिथून आम्ही काम करतो त्या वरच्या खोलीत बसून मनापासून टाळ्या वाजवल्या. कंपनीत मी जुना. समोरच्या टेबलावर माझी बायको त्याच कंपनीचं काम करायची, पण ती बरीच नंतर लागलेली. सिस्टीम बंद पडली की लोक तिलाच फोन करायचे. नवी आहे म्हणून कामं ढकलतात बिचारीवर, असं मला वाटायचं. आता ती खालच्या पातळीवर गेली की तिची समजूत कशी घालायची, हेही मी ठरवून ठेवलं.

पातळ्या जाहीर झाल्या. ती वर चौथ्या पातळीवर, मी खाली दुसऱ्या. माझ्या जोडीला नुकतीच कॉलेजातून आलेली पोरं होती. मला 'सर' म्हणायची, हाच काय तो फरक.

बायकोने यादी वाचली आणि पुढचा फोन उचलला. चेहरा साधा ठेवणं हेही बहुधा चौथ्या पातळीचं कौशल्य असावं.

मी अपील केलं. समितीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, तुम्ही कुणाला शिकवून तयार केलंत? मी छाती पुढे काढून बायकोचं नाव सांगितलं. कंपनी पारदर्शक, त्यांनी तिलाही लगेच कॉलवर घेतलं. माझ्यापासून चार हातांवर बसून ती प्रामाणिकपणे म्हणाली, "पहिल्या दिवशी यांनी मला पासवर्ड बदलायला शिकवलं. नीट शिकवलं."

अपील फेटाळलं गेलं.

दुपारी जेवताना आईने विचारलं, तोंड कावून उतरलंय, काय झालं? मी तिला पातळ्या, निकष, मूल्यमापन असं सगळं समजावलं. भाकरी वाढत ती म्हणाली, "तिला काम तुज्यापेक्षा लई येतं, आसं म्हन की."

एवढंच सांगायला कंपनीने बाहेरून सल्लागार आणले होते.

तेव्हापासून पाहुणे आले की आई चहा करायला मला खाली बोलावते. सूनबाईला कामातून उठवायचं नाही म्हणे. आणि रविवारी बायको मला शिकवते. पहिल्याच रविवारी तिने माझं जुनं काम उघडून शांतपणे चुका दाखवल्या. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि तिचं बरोबर आहे हे दिसल्यावर वही पुढे ओढली.